राखणदार कोणाचा?

गेल्या मार्गशीर्षात एका आप्ताच्या घरच्या कार्यासाठी मी नांदेडहून लातुरास मोटारीने निघालो होतो. सोबतीस माझा एक जुना विद्यार्थी होता. सध्या तो वकिली करतो व बरी करतो. लोहा मागे पडल्यावर रस्त्याच्या खड्ड्यांवरून गोष्ट निघाली आणि ती हळूहळू विमानांवर गेली. दोन्ही गावांस विमानतळ आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर धुळीतूनच जावे लागते, याची त्यास मोठी गंमत वाटत होती. मग त्याने सहज विचारले, "सर, आपल्या नांदेडचा विमानतळ नक्की कोणाचा हो?"

मी म्हणालो, "सरकारचा."

"कोणत्या सरकारचा?"

मास्तरकीचा एक दुर्गुण असा की प्रश्न ऐकताच तोंड उघडते आणि उत्तर मागाहून शोधले जाते. मी तोंड उघडले, परंतु अहमदपूर येईपर्यंत माझे उत्तर पुरे झाले नाही.

प्रथम मी राज्यघटनेकडे गेलो. सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत २९ व्या नोंदीत विमानमार्ग, विमाने आणि विमानतळांची तरतूद हे विषय घातले आहेत. तेव्हा कायदा दिल्लीचा. पण जागा व बांधकाम राज्याचे. नांदेडचा तळ १९५८ साली, म्हणजे मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात असताना, सार्वजनिक बांधकाम खात्याने केला. लातूरचा त्याच खात्याने १९९१ साली केला. पुढे हे तळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात गेले, आणि त्या महामंडळाने २००९ साली नांदेड, लातूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), यवतमाळ व बारामती असे पाच विमानतळ एका खाजगी कंपनीस, रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सला, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. परवाना देणारे व काढून घेणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पुन्हा दिल्लीचे. अशी ही भावकी. शेजारच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, चिकलठाण्याचा तळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालविते. तेथील माणसास निदान एका दमात उत्तर देता येते.

"म्हणजे मालक एक, ताबेदार दुसरा, भाडेकरू तिसरा आणि तपासनीस चौथा," वकील म्हणाला. "काही बिघडले तर नोटीस कोणाच्या नावाने काढायची?"

त्याचा प्रश्न धंद्याचा होता. माझ्या मनात मात्र तो निराळ्या रूपाने शिरला आणि अद्याप गेलेला नाही. सार्वजनिक वस्तूची राखण करणारा मनुष्य नेमका कोणास बांधलेला असतो?

या प्रश्नास आमच्या प्रांतात एक विशेष धार आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. १२ तारखेस पहिली खेप पोचली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला कोणी सांगितले असते की तुझ्या गावाला एक धावपट्टी आहे व तिची नीट निगा राखली पाहिजे, तर तिने काय म्हटले असते याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. ज्या वस्तूवर आपले पाऊल जन्मात पडावयाचे नाही, तिच्या राखणीशी आपला संबंध काय? चार श्रीमंतांची सोय, तिचे काय व्हावयाचे ते होवो, हे उत्तर सोपे आहे आणि त्यात थोडा न्यायही आहे.

परंतु ते पुरे पडत नाही. नांदेडास विमानाने येणारा प्रत्येक मनुष्य श्रीमंत असतो असे नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ज्या गावी देह ठेवला, तेथे गोदावरीकाठच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास लोक पंजाबातून व त्याहून दूरच्या देशांतून येतात. २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्तानेच तेथील तळाचे रूप पालटले. उद्या कोणास हृदय घेऊन मुंबई गाठावयाची असेल, उद्या भूकंप होईल. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा पहाटेचा धक्का ज्यांनी अनुभवला त्यांस 'उद्या' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तरीही मला वाटते, उपयोगाचा हा हिशेब मांडीत बसणे हीच मूळ चूक आहे. सर्वांच्या पैशाने आणि कोणा तरी कुणब्याच्या जमिनीवर एखादी वस्तू उभी राहिली की तिच्या राखणीचे कर्तव्य वापरणाऱ्यांच्या डोकेमोजणीवर ठरत नाही. वस्तू निरुपयोगी आहे असे ठरले तर ते चारचौघांत ठरवावे, ती मोडावी, जमीन परत द्यावी. तसे न करता ती अर्धी जिवंत ठेवणे, ना मोडणे ना राखणे, यात जो अपराध आहे त्यास आमच्या भाषेत अजून नीटसे नाव नाही.

आणि धावपट्टी ही काही देवळाच्या ओवरीसारखी नव्हे की वर्षभर कोणी फिरकले नाही तरी तशीच राहील. विमान येवो न येवो, उन्हाळ्यात डांबर तडकते, पावसाळ्यात कडेचे गवत वाढते, गवतात किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात, आणि पक्षी इंजिनात शिरला म्हणजे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. अपघात झाल्यास आगीचा बंब धावपट्टीच्या कोणत्याही टोकास तीन मिनिटांच्या आत पोचला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो बंब, ती माणसे, ती पाण्याची टाकी विमान नसलेल्या दिवशीही ठेवावी लागते. विमाने मात्र पाहुण्यांसारखी. किंगफिशरची नांदेडास येत असत, ती कंपनीच २०१२ मध्ये बसली. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील अगदी पहिल्या विमानांपैकी एक नांदेड–हैदराबाद मार्गावर उडाले, मोठा समारंभ झाला. पुढे त्या ट्रूजेट कंपनीचीही विमाने थांबली. पाहुणे येतात-जातात, चूल पेटती ठेवावी लागते ती घरच्यांस. घरचे कोण, हाच तर वाद.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये राखणदारांच्या मद्यपानाची चर्चा चालली असता ग्लॉकनला हसू येते: राखणदारालाच राखणदार लागावा ही किती हास्यास्पद गोष्ट! मी हा भाग पंचवीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आणि दरवर्षी मुलेही हसतात. कौटिल्य हसला नसता. त्याने अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून लिहून ठेवले आहेत. ग्रीकाने माणसाच्या शिक्षणावर भरवसा ठेवला, आर्याने हेरांवर. आपण दोन्ही सोडून कागदावर ठेवला आहे. एका खात्यावर दुसरे खाते, दुसऱ्यावर महामंडळ, त्यावर संचालनालय. आणि प्रत्येकाजवळ असा एक कागद असतो की ज्यावरून ती जबाबदारी दुसऱ्याची ठरते. चार पहारेकरी चार दिशांस उभे केले म्हणजे पहारा चौपट होतो असे गणित सांगते. अनुभव असा की प्रत्येकजण उरलेल्या तिघांच्या भरवशावर डुलकी घेतो.

जुन्या गावगाड्यात वेशीवर वेसकर असे. चूक कोणाची हे तेथे सर्वांस दिसे, कारण राखणारा आणि ज्यांचे राखावयाचे ते एकाच पांढरीतले. मात्र त्या काळाचे गोडवे गाण्यास मी तयार नाही. जो ज्या घरांची राखण करी, त्या घरांच्या उंबऱ्याच्या आत त्यास पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्याच्या निष्ठेस आम्ही शिळ्या भाकरीची किंमत दिली.

निष्ठेचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९४८ साली निजामाचे राज्य अखेरच्या घटका मोजीत असता सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने भरभरून शस्त्रे संस्थानात आणीत असे. ती बिदरसारख्या तळांवर उतरत. बिदर आमच्या उदगीरहून हाकेच्या अंतरावर. त्या तळावर काळोखात दिवे लावणारी, रस्ता मोकळा ठेवणारी, पेट्या उतरवून घेणारी माणसे असणारच. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. बहुधा कोणासच नसावीत. त्यांनी काम चोख केले असणार, नाहीतर विमाने उतरली नसती. ज्याची चाकरी केली त्याच्याशी ते इमानी होते. पण ज्यांच्या भूमीवर तो तळ होता ती प्रजा, म्हणजे आमचे आजे-पणजे, त्याच वेळी त्याच शस्त्रांच्या धाकाने गावे सोडून सरहद्दीपलीकडे पळत होती. १७ सप्टेंबरास सर्व संपले. माझा प्रश्न संपला नाही. त्या दिवे लावणाऱ्यास आपण इमानी म्हणावे की नाही?

बराच काळ मी त्याचे उत्तर असे देत असे की हुकूम पाळणाऱ्याचा दोष नाही, हुकूम देणाऱ्याचा आहे. आता तसे म्हणवत नाही. राखणदार हा पगार देणाऱ्याचा चाकर असेल, परंतु राखण ही नेहमी तिसऱ्याच कोणासाठी असते. वैद्याची फी बाप देतो म्हणून वैद्य बापाचा होत नाही, तो आजारी मुलाचा असतो. विमानतळाच्या व्यवस्थापकास वेतन कंपनी देवो की महामंडळ देवो, तो बांधलेला आहे तो उतरणाऱ्या प्रवाशास आणि ज्याच्या पैशाने व जमिनीवर तळ झाला त्यास. या दोघांपैकी एकही त्याच्या बैठकीस हजर नसतो. सगळी अडचण तेथे आहे.

अडचण मला पुस्तकातून कळली नाही. एका तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे; नाव सांगत नाही. तेथील विश्वस्त मंडळावर मी बारा वर्षे होतो. वाचनालय कर्जात आले, तेव्हा रस्त्याकडील मोकळी जागा दुकानांसाठी ३० वर्षांच्या कराराने द्यावी असा ठराव आला. करार आठ पानांचा होता. मला सायंकाळची एस. टी. गाठावयाची होती. अध्यक्ष सज्जन, इतर सभासद सज्जन, एकाने वाचला असेलच अशा समजुतीने मी सही केली. मागाहून कळले की प्रत्येकाची समजूत तीच होती. कोणी एक पैसा खाल्ला नाही हे मी आजही शपथेवर सांगेन. दुकाने उभी राहिली ती वाचनदालनाच्या खिडक्यांना पाठ लावून. आज तेथे भरदुपारी दिवे लावावे लागतात, आणि ठरलेल्या भाड्यात वर्तमानपत्रांचे बिलही भागत नाही. दोन वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "सर, ह्या खिडक्या कधी उघडत होत्या का?" त्यास मी कोण हे ठाऊक नव्हते. मी "हो" म्हणालो आणि बाहेर आलो.

म्हणून ९५ वर्षांच्या त्या पट्ट्याकडे मी इतरांप्रमाणे केवळ रागाने पाहू शकत नाही. पाच विमानतळांचे ६३ कोटी रुपये असा आकडा त्या वेळी ठरला होता. भागाकार केला तर एका तळामागे वर्षास तेरा लाखांच्या आसपास पडतात. भाड्याखेरीज देखभालीचा भारही भाडेकरूवर असतो, तेव्हा नुसता भागाकार न्याय्य नव्हे हे मान्य. पुढे राज्य सरकारच ते तळ परत घेण्याची भाषा बोलू लागले, यावरून काय समजावयाचे ते समजावे. परंतु माझे मन रकमेपाशी अडत नाही, वर्षांपाशी अडते. २००९ मध्ये ९५ मिळविले की २१०४ येते. माझ्या पुतण्याची मुलगी सध्या बालवाडीत आहे. त्या वर्षी ती ऐंशी ओलांडून गेलेली असेल. तिच्या वतीने कोणी सही केली? समाज हा हयात, मृत व अजून न जन्मलेल्या माणसांचा भागीदारीचा व्यवहार आहे असा बर्कचा विचार आम्ही बी. ए. च्या वर्गात घोकला. तो मला तेव्हा स्थितिप्रियांचा युक्तिवाद वाटे. आता वाटते की भागीदारांपैकी दोघे बैठकीस येऊ शकत नाहीत, म्हणून तिसऱ्याने कागद आठही पाने वाचला पाहिजे, एस. टी. चुकली तरी चालेल. निगराणी, झाडलोट, तिकिटे, दिवाबत्ती ही कामे भाड्याने देता येतील. त्यात अधर्म नाही. पण 'कोणी पाहिले नाही' असे म्हणण्याची वेळ आली तर उत्तर द्यावयाचे ते ज्याने दिले त्यानेच, भाडेकरूकडे बोट दाखवून नव्हे. वकिलास मी असे म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "कोर्टात हे टिकणार नाही, सर." नसेल.

चाकूर ओलांडल्यावर तो झोपला आणि मला एक जुनी भेट आठवली. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांस घेऊन मी एका लहानशा विमानतळावर गेलो होतो. त्या दिवशी विमान नव्हते, आदल्या दिवशीही नव्हते. आगीच्या बंबापाशी एक तरुण, जवळच्याच खेड्यातला, रोजच्याप्रमाणे इंजिन चालू करून पाण्याचा दाब पाहत होता. मुलांनी विचारले, विमानच येत नाही तर हे कशाला? तो म्हणाला, "यायचं ठरलं तर मग दाब पाहत बसायला वेळ कुठला?" मी त्यास विचारले, तू स्वतः कधी विमानात बसला आहेस काय. तो म्हणाला, "नाही सर," आणि घड्याळाकडे पाहून वहीत वेळ लिहिली, खाली सही केली, व नळ्या गुंडाळू लागला.