निवांतपणा कुणाचा?

फेब्रुवारीत आम्ही दोघं नाशिकहून दिंडोरीकडे निघालो. मॅप बंद, घाई नाही, असं ठरलेलं. एका द्राक्षबागेपाशी थांबलो. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीचं पीक आता तयार होतं. साखर भरली की घड थांबत नाहीत. उन्हं चढायच्या आत तोडायचे. बायकांचे हात भराभर चालले होते.

"रस्ता चुकलात का?" एकीने विचारलं.

"नाही, असंच फिरतोय," बायको म्हणाली आणि ओशाळली.

संध्याकाळी गंगापूर धरणाकाठी वाइन पिताना आमचं वाजलं. मी म्हणालो, "पैसे मोजलेत आपण."

"वाइनचे मोजलेस. निवांतपणाचे कुठे?"

आपण अपराधी वाटून घेतल्याने त्या बाईला सुट्टी मिळत नाही, हे मला अजूनही पटतं. पण निवांतपणा ही माझी एकट्याची कमाई आहे, असं आता म्हणवत नाही.