हन्नाचे ओठ आणि एलीचे डोळे

(1 शमुवेल, अध्याय 1)

शिलो येथील मंदिराच्या दाराशी एली याजक आसनावर बसला होता. समोर हन्ना प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हालत होते, पण शब्द ऐकू येत नव्हता. आणि एवढ्यावरूनच त्या वृद्ध याजकाने ठरविले की, ही बाई द्राक्षारस पिऊन आली आहे. डोळ्यांनी त्यास खरे तेच दाखविले होते; अनुमान मात्र चुकले.

दुसऱ्याच्या मनात काय आहे हे मनुष्यास कसे कळते? ही शक्ती लहानपणी हळूहळू येते. आई गूळ डब्यात ठेवून पाण्यास गेली. मागे ताईने तो शिंक्यावर ठेविला. आई परत आल्यावर गूळ प्रथम कोठे पाहील? 3 वर्षांचे मूल बहुधा ‘शिंक्यावर’ म्हणेल, कारण आपणास ठाऊक ते आईसही ठाऊक, अशी त्याची समजूत. 4-5 वर्षांचे मूल ‘डब्यात’ म्हणते. विमर व पर्नर ह्या विद्वानांनी अशाच गोष्टी सांगून मुलांची परीक्षा घेतली व ती 1983 साली प्रसिद्ध केली. वयाने थोर झालेली कित्येक माणसे अद्याप शिंक्याकडेच बोट दाखवितात, ही गोष्ट वेगळी.

कोणी म्हणेल, चेहरा पाहूनच आपण मन ओळखितो. तसे असते तर जन्मांधास ते कळूच नये. मुंबईत दादर येथे अंध मुलींची शाळा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी ती 1900 साली स्थापिली. हल्ली तिला कमला मेहता ह्यांचे नाव आहे. जन्मांध मुलीने मैत्रिणीचा चेहरा कधी पाहिलेला नसतो. तरी तिचा रुसवा तिला आवाजावरून, बोलता बोलता पडलेल्या खंडावरून कळतो. मरीना बेड्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जन्मांध व डोळस अशा दोघांसही लोकांच्या समजुतींविषयीच्या गोष्टी ऐकविल्या, आणि ऐकत असता यंत्राने त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. कानाच्या मागे किंचित वरच्या अंगास मेंदूचा जो भाग दुसऱ्याचे विचार समजून घेताना काम करितो, तो दोघांतही एकच आढळला. हे 2009 साली प्रसिद्ध झाले. तो भाग दुसऱ्याच्या मनात शिरत नाही. हाती येईल तेवढ्या शब्दांवरून, खुणांवरून व ओळखीवरून तो केवळ अंदाज बांधितो.

उपदेशक घरभेटीस जातो. चार रविवार उपासनेस न आलेली बाई मान खाली घालून बसलेली दिसते. हिचा विश्वास थंडावला, असे तो मनात टिपून ठेवितो व पुढच्या घरी जातो. लालबागेत कामास गेलेल्या तिच्या मुलाचा दोन महिने फोन नाही, हे त्याने ऐकलेच नाही.

हन्ना रागावून निघून गेली असती, तर एली आपल्या समजुतीसह तसाच बसून राहिला असता. पण ती बोलली: आपण मद्य घेतले नाही, दुःखाने पिडलेलो आहोत, आपले मन परमेश्वरापुढे मोकळे करीत होतो. आणि हे एलीच्या पदरी घातले पाहिजे की, याजक असूनही तो आपल्या शब्दास चिकटून राहिला नाही. त्याने तिला शांतीने पाठविले. ती गेली, जेवली, आणि तिचे तोंड पुन्हा उतरलेले दिसले नाही.

प्रभूस तर अंदाजाची गरज नव्हती. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाक मारीत होता व लोक त्यास दटावीत होते. त्यास काय हवे असणार, हे गर्दीतल्या लेकरासही सांगता आले असते. तरी येशू रस्त्यात थांबला, त्यास जवळ बोलाविले, आणि काय हवे म्हणून त्यालाच विचारिले.