नांगर विकला जात नव्हता तेव्हा

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा वडिलांची नाराजी पत्करून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, आणि तिथे त्याला कळलं की आपल्याला काही रंग ओळखताच येत नाहीत. रंगकाम सुटलं, रेषा हातात राहिली. त्या रेषेच्या बळावर ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. १८८८ मध्ये तिथे किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान निघालं होतं, आणि थोरले बंधू रामूअण्णा ते सांभाळत होते.

इथपर्यंतच्या आयुष्यात शेतीच्या अवजारांचा मागमूसही नाही. या वळणावर त्यांना कुणी विचारलं असतं की तुमच्या जगण्याचं प्रयोजन काय, तर त्यांच्या उत्तरात नांगर आला असता असं मला वाटत नाही. पण त्यांचं नाव महाराष्ट्राच्या शेताशेतांत पोचलं ते नांगरामुळेच.

उद्योगाकडे वळू पाहणाऱ्या आजच्या मुलामुलींशी बोलताना मला हे आयुष्य वारंवार आठवतं. आपल्याला मनापासून काय करायचंय ते आधी सापडू दे, मग सुरुवात करू, असं त्यांना वाटतं. काही जण त्या शोधात वर्षं घालवतात. व्याख्यानं ऐकतात, पुस्तकं वाचतात, मन पुन्हा पुन्हा तपासून पाहतात. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच मला त्यांची काळजी वाटते. आयुष्याचं प्रयोजन मनात तयार अवस्थेत दडलेलं असतं आणि नीट शोधलं की सापडतं, ही समजूतच मला चुकीची वाटते. बहुतेकांच्या बाबतीत ते काम करता करता, दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेला भिडताना घडत जातं. उद्योग ही अशा भिडण्याची फार चांगली जागा आहे, कारण तिथे समोरचा माणूस आपल्याला सरळ नाही म्हणू शकतो.

लक्ष्मणरावांना असा नकार भरपूर मिळाला. बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र तयार केलं. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला की जनावर पाला खातं आणि जाड धाटं पायाखाली तुडवतं. त्याची बारीक कुट्टी केली तर बहुतेक वैरण पोटात जाते. अवर्षणाच्या मुलखात ही बचत मोठी होती. त्यानंतर आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर माती चिरत जातो; लोखंडी नांगर ती उचलून पालथी करतो, हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या वर येतात आणि उन्हात वाळतात. अवजार चांगलं होतं, पण ते पडून राहिलं. लोखंडाने जमिनीला विष लागतं, पीक जळतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

या दोन वर्षांपाशी मी नेहमी थांबतो. उद्योजकांच्या चरित्रांत असा काळ एका वाक्यात उरकला जातो आणि चिकाटीचं उदाहरण म्हणून पुढे केला जातो. चिकाटी होतीच. पण या काळात माणसाच्या आत काय होतं, ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. लोक अडाणी आहेत, आपली वस्तू त्यांच्या लायकीपेक्षा वरची आहे, असं म्हणून तो कडवट होऊ शकतो. गाशा गुंडाळून सायकली विकत बसू शकतो. किंवा ज्याने नाही म्हटलं त्याच्या जागी उभं राहून तो पाहू शकतो. आणि शेतकऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर तो नकार मुळीच वेडगळ नव्हता. ज्याची वर्षभराची भाकरी एका हंगामावर, हंगाम हुकला तर सावकाराचं दार ठरलेलं, त्याने अनोळखी अवजाराला आपल्या मातीत उतरू द्यायचं कशाच्या भरवशावर? विषाची समजूत चुकीची असेल, तिच्यामागची भीती खरी होती. ती ज्याला कळते तो नांगर विकताना शेतकऱ्याच्या जोखमीचा थोडा वाटा स्वतःच्या मनावर घेतो. तिथून पुढे त्याचं काम फक्त त्याचं राहत नाही.

पाहणारं कुणी नसलं तरी चित्र पूर्ण होतं, असं निदान म्हणता येतं. नांगराबद्दल तसं म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या बैलांमागे तो चालला तरच तो पूर्ण होतो. रंग दुरावलेल्या त्या चित्रकाराला या कामात अर्थ सापडला असेल तर तो या परावलंबनामुळेच, असं मी मानतो.

जोसेफ शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने उद्योजकाच्या मनाचा विचार केला आहे. आर्थिक विकासावरचा त्याचा ग्रंथ पहिल्यांदा जर्मन भाषेत १९११ साली आला. उद्योजक केवळ नफ्यासाठी धडपडत नाही, असं त्याचं म्हणणं. स्वतःचं छोटं साम्राज्य उभारण्याचं स्वप्न, झुंजून जिंकण्याची ईर्षा आणि काहीतरी घडवण्याचा, हाती घेतलेलं तडीस नेण्याचा आनंद, अशा तीन प्रेरणा तो सांगतो. ज्यांनी लहानसा का होईना धंदा उभा केला आहे, त्यांना या तिन्ही ओळखीच्या वाटतील. मलाही हे वर्णन खरं वाटतं, पण ते अपुरं आहे. या तिन्ही प्रेरणांत उद्योजक एकटाच उभा आहे. विद्यार्थ्यांची मेस चालवणारी बाई अंगात कणकण असतानाही पहाटे कणीक मळायला घेते, तेव्हा तिला साम्राज्य नको असतं आणि त्या दिवशी घडवण्याचा आनंदही फारसा नसतो. आपल्या डब्याची कुणीतरी वाट पाहतंय, एवढंच तिला ठाऊक असतं. आपण कुणाला तरी लागतो ही जाणीव शुंपीटरच्या यादीत नाही. माझ्या यादीत ती पहिली असेल.

बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीत पोचले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, ही गोष्ट मला फार आवडते. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला माळ. १९१० च्या मार्चमध्ये तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. नुसता कारखाना काढून भागणार नव्हतं. कामगारांना घरं हवीत, पाणी हवं, मुलांना शाळा हवी. माळावर कारखाना चालवायचा तर गाव वसवावं लागतं. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तिथे कामावर घेतलं, त्यांच्यावर राखणीचं काम सोपवलं. ज्याच्याकडे सगळं गाव संशयाने पाहतं, त्याच्यावर कुणी मालमत्तेचा भरवसा टाकतं, तेव्हा त्या माणसाच्या जगण्यात जे घडत असेल त्याची मोजदाद कुठल्याच ताळेबंदात होत नाही. पुढे १९२० मध्ये याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. त्याचं मासिक झालं, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि नांगरांच्या गावातून निघणारी ही मासिकं मराठी मध्यमवर्गाच्या घरात बायकांच्या शिक्षणावर, रूढींवर, विज्ञानावर बोलू लागली. बेळगावात पहिला नांगर घडवताना यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

मात्र संस्थापकाला अर्थ सापडला म्हणून त्याच्याकडे राबणाऱ्यांनाही तो सापडतोच, असं नाही. पुष्कळ उद्योगांत एकाचं स्वप्न असतं आणि बाकीच्यांची फक्त पाळी. मालकाने स्वतःच्या ध्येयाबद्दल भारावून बोलावं आणि पगार महिन्याच्या दहा तारखेनंतर व्हावा, यात मला काहीच उदात्त दिसत नाही. म्हणूनच ‘लिज्जत’ची गोष्ट मला किर्लोस्करवाडीइतकीच मोलाची वाटते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने. देणग्या घ्यायच्या नाहीत, हिशोब चोख ठेवायचा आणि लाटणारी प्रत्येक बहीण ही मालकीणच, हे तत्त्व त्यांनी धरलं. नफातोटा सगळ्यांचा. घरात ज्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं, तेच पापड लाटणं तिथे स्वतःच्या कमाईचं झालं. एकट्या द्रष्ट्या माणसाची कथा आपल्याला सांगायला सोपी जाते, पण ज्या उद्योगात अर्थ वाटून घेता येतो तो अधिक टिकाऊ असावा.

आजकाल उद्योगाचं जे गुणगान ऐकू येतं त्याने मी अस्वस्थ होतो. अठरा तास काम करा, झोप विसरा, सगळं पणाला लावा. पणाला लागतात ते बायकोचे दागिने आणि आईवडिलांचं घर. आणि धंदा बुडाला, पुष्कळ बुडतात, की त्याच्याशी स्वतःला पुरतं एकरूप केलेला माणूस स्वतःही बुडाला असं समजतो. माझ्या पाहण्यात अशी माणसं आहेत. लोकांत मिसळणं ती बंद करतात, लग्नकार्याला जात नाहीत. धंदा बुडाल्याने कर्ज झालेलं असतं, पण त्या माणसाला कुणाची गरज कळली होती, कुणाच्या हाताला त्याने काम दिलं होतं, हे त्यामुळे खोटं ठरत नाही. हे त्याला त्याच्या तोंडावर सांगायला हवं, आणि ते सांगणारं माणूस आपल्या समाजात सहसा पुढे येत नाही.

नोकरीत अर्थ सापडत नाही असंही मी म्हणणार नाही. मनापासून शिकवणारी शिक्षिका, रात्रपाळीची परिचारिका यांना तो शोधत कुठे जावं लागत नाही. पण ज्यांना उद्योग करून पाहायचाय त्यांच्याबाबतीत आपण सगळा भार त्यांच्या जिद्दीवर टाकून मोकळे होतो. लक्ष्मणरावांपाशी जिद्द होती, आणि दुकान सांभाळणारे भाऊही होते. कारखान्यासकट उठावं लागलेल्या, चाळिशीतल्या माणसाला कुणीतरी व्याज न मागता रक्कम दिली आणि निवडुंगाचा माळ हवाली केला. आज सांगली-साताऱ्याच्या एखाद्या गावातली मुलगी नवं अवजार घडवून बसली असेल, दोन वर्षं ते विकलं जात नसेल, तर तिच्यासाठी तेवढा वेळ कळ काढणारी बँक, सोसायटी किंवा घर कोणतं, हे मला त्या मुलीच्या ध्येयाइतकंच जाणून घ्यायचंय.