पावसांतील परका

पौल व त्याचे सोबती गलबत फुटून माल्टा बेटावर पोंचले, तेव्हां पाऊस व थंडी होती. तेथील लोकांनीं त्यांची जात विचारिल्याचें लिहिलें नाहीं. शेकोटी पेटविल्याचें लिहिलें आहे (प्रेषितांचीं कृत्यें २८:२).

आपलें कल्याणही जुनें बंदर, आणि पावसाचें ठिकाण. प्राचीन काळीं नाणेघाट उतरून व्यापारी येथें येत. येथील एका सोनारानें कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याचें टांकें दान दिल्याचा शिलालेख आहे. त्यानें घडविलेलें सोनें कोठें गेलें न कळे. दान मात्र स्मरणांत राहिलें. २७ जुलै २०१९ रोजीं कल्याणपलीकडे वांगणीजवळ पुरानें महालक्ष्मी एक्सप्रेस अडविली. सुमारें १,००० उतारू कित्येक तास अडकले. नौका व जवान आले, तसे आसपासचे गांवकरीही धांवले. सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले.

मग आमच्या दारीं भिजलेला वाटसरू आला, तर आम्ही प्रथम काय विचारितों? त्याचें गांव, त्याची मंडळी, कीं त्याची भूक? ओल्या लांकडांची शेकोटी पेटत नाहीं. सरपण पावसापूर्वींच रचावें लागतें. प्रीतीचेंही तसेंच आहे. यंदा आपल्या सरपणांतील एक मोळी परक्यासाठीं निराळी ठेवूं या.