विकतचे भय

पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. अशा जत्रांतील आकाशपाळण्यांवर वाढलेले आम्ही, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील १९२७ सालच्या 'सायक्लोन'च्या भक्तांना हसू शकत नाही. लाकडी रुळांवरची ती गाडी साखळीने ८५ फूट उंच ओढतात. पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. तिच्याहून उंच, वेगवान गाड्या आल्या, तरी ओढ तिचीच. कारण लाकूड कुरकुरते, हादरते, आपले वय लपवीत नाही. पण सुखरूप उतरण्याच्या भरवशावर तिकीट काढून घेतलेल्या या भयाला धैर्य म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाळणा उभारताना उंच सांगाड्यावर चढणारा मजूर पोटासाठी तेच भय पत्करतो, आणि त्याला शौकीन कोणी म्हणत नाही.