उष्टावणाचा महिना आणि वाटीतले अन्न

गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनास सहावा महिना नेमून दिला व मनुस्मृतीनेही तोच शिरस्ता ठेवला. काश्यपसंहितेने मात्र सहाव्या मासी फळ आणि दहाव्या मासी अन्न, असा अधिक सावध क्रम सांगितला. मुलास सम महिना व मुलीस विषम, ही वाटणी लोकाचाराची, आणि तिच्यामुळे कित्येक मुलींच्या मुखी पाचव्याच महिन्यात, मामाच्या मांडीवर, खिरीचा घास पडत आला.

आधुनिक वैद्यक सहाव्या महिन्याशी जरा आडवळणाने पोचले. जागतिक आरोग्य संघटना प्रथम ‘चार ते सहा महिने’ अशी सैल मुदत सांगत असे. २००१ साली तिने ती पुऱ्या सहा महिन्यांवर आणली, आणि शिशुआहाराच्या जाहिरातीस आळा घालणाऱ्या आपल्याकडील १९९२ च्या कायद्यातले चार महिने २००३ च्या दुरुस्तीने सहा झाले. याची कारणे बालकाच्या देहातच आहेत. मातेच्या उदरातून आणलेली लोहाची शिल्लक याच सुमारास संपत येते व केवळ दुधातली ऊर्जा वाढत्या अंगास अपुरी पडू लागते. आणि तोवर मान स्थिरावून, तोंडात आलेला घास जिभेने बाहेर लोटण्याची उपजत खोडही ओसरलेली असते. घाई केली तर दुधाची जागा निकस अन्न घेते व अस्वच्छ पाण्याबरोबर हगवण घरात शिरते. फार विलंब केला तर बाळ खुंटते.

महिन्याचा वाद असा मिटला, तरी वाटीचा मिटलेला नाही. पहिले अन्न हलके हवे या सद्भावनेने घरोघरी वरणाचे वरचे पाणी आणि भाताची पातळ पेज पाजली जाते. बाळाचे पोट ते केवढे, ते तेवढ्यानेच भरते, बाळ ढेकर देऊन निजते आणि जेवण झाले असे सर्वांस वाटते. वस्तुतः दुधाखेरीज या वयास रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, नवव्या महिन्यापासून ३०० आणि वर्षानंतर ५५०. ती गरज तळाशी राहिलेल्या डाळीने भागते, वरच्या निवळीने नव्हे. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतका दाट, मऊ वरणभात आणि त्यावर तूप, ही तजवीज कोणत्याही घरास अशक्य नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळण्याची आजीबाईंची रीत तर विशेष शहाणपणाची, कारण मोड येताना उत्पन्न होणारे पाचकद्रव्य पिठातील पिष्टाचे विघटन करते आणि पीठ अधिक घालूनही लापशीचा गोळा न होता ती गिळण्याजोगी राहते. बडोद्यास आहारशास्त्रज्ञ तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर संशोधन केले. अंड्या-मासळीस मात्र आमच्या पांढरपेशा स्वयंपाकघरांत अद्याप मज्जाव, म्हणून लोहाचा भार पालेभाजीवर ढकलायचा, आणि तीही ‘बाधेल’ म्हणून वर्षभर द्यायची नाही!

विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या पट्ट्यात हा मामला अन्नाइतकाच वेळेचा आहे. प्रसूतिरजेच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतले आठ प्रसूतीपूर्वी घेतले तर उरतात अठरा, म्हणजे जेमतेम सव्वाचार महिने. आणि सगळे राखून ठेवले, तरी भरवण्याचे खरे कष्ट सुरू होतात नेमक्या त्याच वेळी रजा संपते. स्तनपान चालू ठेवून प्रथम दिवसातून दोन-तीनदा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, ताजे शिजवून, धीराने, बाळाशी बोलत भरवावयाचे, या श्रमांची नोंद कोणत्या हजेरीपटावर होते? पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनेस याच दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती केली. पण जीन्सचे धागे कापण्याचे सुटे काम घरी आणून नगावर मजुरी घेणारी बाई ना रजेच्या दप्तरात, ना पाळणाघराच्या. अंगणवाडीचा शिधा तिच्या उंबऱ्यापर्यंत येतो, परंतु तो शिजवून भरवण्याचे काम पुष्कळदा आठ-दहा वर्षांच्या थोरल्या मुलीकडे जाते, आणि त्या पोरीस शाळेची वेळ गाठायची असते, तेव्हा दाट घास भरवत बसण्यापेक्षा वरचे पाणी पाजणे लवकर उरकते.