तुरुंगातील डॉक्टर आणि आपले शील

एखादा डॉक्टर, शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक राज्यकर्त्यांच्या धोरणाविरुद्ध शांततेने बोलतो, लिहितो, सभेत उभा राहतो आणि त्यापायी तुरुंगात जातो. अशा वेळी त्याच्या बाजूने उभे राहणे हे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाचे कर्तव्य आहे काय? की हा शहरातील शिकल्यासवरलेल्यांचा प्रश्न म्हणून आपण आपल्या कामाला लागावे?

हा प्रश्न निघाला की आपल्या वस्तीत तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, कायदा आपले काम करील, आपण मध्ये कशाला पडा? दुसरे, तो माणूस आपल्या विचाराचा नाही. तिसरे, मोठ्या माणसासाठी सारे जग धावते. आमची पोरे पोलीस कोठडीत सडतात तेव्हा कोण येते? या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. म्हणून त्यांना झिडकारून चालणार नाही, त्यांचा विचारच केला पाहिजे.

आधी आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. श्रीरामपूरहून एस.टी.ने नगरला जाणाऱ्या प्रत्येकाला भुईकोट किल्ला ठाऊक आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद या किल्ल्यात आणून ठेवले गेले. त्यांतील बहुतेक जण मार्च १९४५ पर्यंत तेथे होते. नेहरूंचे नाव सर्वांना माहीत असते. पण त्या बारांत पट्टाभी सीतारामय्या हे मच्छलीपट्टणला दवाखाना चालवलेले डॉक्टर होते, प्रफुल्लचंद्र घोष हे रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले संशोधक होते आणि आचार्य नरेंद्र देव हे बौद्ध दर्शनाचे गाढे अभ्यासक होते. यांपैकी कोणावरही खटला चालला नाही. आरोप सिद्ध झाला नाही, शिक्षा सुनावली गेली नाही. तरी वर्षे मात्र गेली.

आता यातील अवघड भाग पाहा. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि 'छोडो भारत' चळवळ त्यांना मान्य नव्हती. म्हणजे किल्ल्यातील माणसे ही त्यांच्या विरोधी पक्षाची माणसे. परंतु पुढे राज्यघटना लिहिताना बाबासाहेबांनी अटकेपासूनचे संरक्षण केवळ आपल्या पक्षाच्या माणसांसाठी लिहिले काय? नाही. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीचा वकील घेता आला पाहिजे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, हे आजच्या कलम २२ मधील हक्क विरोधकालाही तितकेच लागू आहेत.

वकील म्हणूनही बाबासाहेबांचे वागणे असेच होते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेबद्दल जवळकर, जेधे आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली, तेव्हा १९२६ साली पुण्यात त्यांच्या अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणले. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लैंगिक विषयावरील शास्त्रीय मजकुरासाठी खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्रही बाबासाहेबांनीच घेतले. तो खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण हरणार की जिंकणार हे पाहून बाजू घ्यायची नसते, हा धडा त्या हरलेल्या खटल्यात आहे.

मात्र घटनेतील त्याच कलम २२ मध्ये खटल्याविना स्थानबद्ध करण्याची वाटही ठेवलेली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घटना समितीत त्यावर कडक टीका झाली होती. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली आणि ती वाट हमरस्ता झाली. 'मिसा'खाली देशभर माणसे उचलली गेली. आपल्या जिल्ह्यातील राशीनचे डॉ. कुमार सप्तर्षी हे युवक क्रांती दलाचे संस्थापक. हा शिकलेला डॉक्टर येरवड्याच्या तुरुंगात होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणीत अशा अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात राहिले. तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे मान्य केले ते २०१७ साली. म्हणजे एकेचाळीस वर्षांनी.

आता अलीकडचे पाहू. डॉ. बिनायक सेन हे बालरोगतज्ज्ञ. छत्तीसगडमध्ये दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी स्वतःच्या बळावर उभारलेल्या शहीद रुग्णालयात त्यांनी काम केले आणि पुढे नागरी हक्कांसाठी आवाज उठवला. १४ मे २००७ रोजी त्यांना बिलासपूरला अटक झाली. माओवाद्यांना मदत केल्याचा आरोप होता. दोन वर्षांनी जामीन मिळाला. डिसेंबर २०१० मध्ये रायपूरच्या न्यायालयाने राजद्रोहासाठी जन्मठेप दिली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जामीन दिला. गांधींचे आत्मचरित्र घरी सापडले म्हणून कोणी गांधीवादी ठरतो काय, अशा आशयाचा प्रश्न न्यायमूर्तींनी त्या वेळी केला होता. या डॉक्टरसाठी २००८ साली २२ आणि २०११ साली ४० नोबेल विजेत्यांनी सुटकेचे आवाहन केले.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर गावचे डॉ. आनंद तेलतुंबडे हे इंजिनिअर, व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक आणि जातिप्रश्नाचे लेखक. त्यांच्या पत्नी बाबासाहेबांच्या नात. एल्गार परिषदेच्या खटल्यात त्यांना १४ एप्रिल २०२०, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशी, स्वाधीन व्हावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, त्यांनी दहशतवादी कृत्य केल्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही असे म्हणून जामीन दिला. ते तळोजा तुरुंगातून बाहेर आले तो दिवस २६ नोव्हेंबर, संविधान दिन. मधले एकतीस महिने गेले.

आता पहिल्या उत्तराकडे येऊ. कायदा आपले काम करील, हे खरे. पण कायद्याचे काम काय? पुरावा तपासणे आणि मग दोष ठरवणे. माणूस आधी वर्षानुवर्षे आत ठेवायचा आणि पुरावा सवडीने पाहायचा, हे कायद्याचे काम नव्हे. यू.ए.पी.ए. कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने जामिनाची अट इतकी कडक झाली की खटला उभा राहण्याआधीच शिक्षा भोगून होते. आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यात न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे शील आहे. ते केवळ शेजाऱ्याच्या कोंबडीपुरते आहे काय? पुराव्याविना घेतलेली माणसाची वर्षे ही त्याहून मोठी चोरी आहे, आणि ती कोणालाही परत करता येत नाही.

आणखी एक शील येथे लागू पडते. 'आत टाकले म्हणजे काहीतरी केलेच असेल' हे वाक्य आपण ओट्यावर बसून किती सहज बोलतो! जे आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्यासारखे सांगणे हा मुसावाद आहे. ज्या समाजावर पिढ्यान्पिढ्या पुराव्याविना गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्याने तरी असा शिक्का दुसऱ्यावर मारू नये.

दुसरे उत्तर होते, तो आपल्या विचाराचा नाही. याचे उत्तर वर आलेच आहे. जो हक्क फक्त आपल्या माणसासाठी मागितला जातो तो हक्क नसतो, ती सवलत असते. आणि सवलत देणारा हात ती काढूनही घेतो. कोणाची बाजू घेणे म्हणजे त्याची सगळी मते घेणे नव्हे. सेन यांचे राजकारण पटत नसतानाही त्यांच्या सुटकेची मागणी करता येते. तेलतुंबडे यांची सारी मते आंबेडकरी चळवळीतील अनेकांना मान्य नाहीत. त्यांनी त्यांच्याशी वाद घालावा. पण वाद घालायला माणूस बाहेर पाहिजे.

तिसरे उत्तर सर्वांत बोचरे आहे, कारण ते खरे आहे. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. त्यांच्यासाठी नोबेल विजेते पत्र लिहीत नाहीत. मग डॉक्टरचे स्वातंत्र्य ऊसतोड मजुराच्या पोराहून मोलाचे काय? नाही, तिळमात्र नाही. परंतु एकासाठी गप्प बसल्याने दुसरा सुटत नाही. डॉक्टरच्या खटल्यात जामिनाचा जो नियम ठरतो तोच उद्या आपल्या पोराला लागतो. म्हणून मागणी करताना दोघांची एकत्र करावी.

डॉक्टरबद्दल आणखी एक गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्याने २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा पाहिले आहे. अशा प्रकरणांत आपली सारी भिस्त कशावर असते? शवविच्छेदनाच्या अहवालावर, जखमांच्या दाखल्यावर. जे दिसले तेच लिहिणारा डॉक्टर हा गरिबाचा सर्वांत भक्कम साक्षीदार असतो. सत्य बोलणारे डॉक्टर तुरुंगात जातात हे ज्या देशात दिसते, तेथे तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरची लेखणी अडखळू लागते. तेव्हा निर्भय डॉक्टर ही आपली गरज आहे, त्याच्यावर केलेला उपकार नव्हे.

एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. ज्याने हिंसा केली, करवली, त्याच्यासाठी हे लिहिणे नाही. त्याचा गुन्हा सिद्ध व्हावा आणि त्याला शिक्षा व्हावी. परंतु हिंसा केली की नाही हे ठरवायचे न्यायालयाने, तेही वेळेत. आणि तोवर कैद्याला जामीन, औषध, पुस्तक आणि घरच्यांची भेट मिळालीच पाहिजे.

मग आपल्यासारख्या कुटुंबांनी करायचे काय? विहारात पौर्णिमेला जमाल तेव्हा कलम २१ आणि २२ मोठ्याने वाचा आणि मुलांना समजावून सांगा. कोणी असा आत गेला तर त्याच्या घरी जा. त्याच्या बायकामुलांना वाळीत पडल्यासारखे वाटू देऊ नका. निवेदन आले तर वाचून, समजून सही करा. आणि आपल्या वस्तीतील जो पोरगा जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत आहे, त्याची चौकशी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे त्याच आठवड्यात करा. तेथे वकील मोफत मिळतो. दूरच्या डॉक्टरसाठी सही करणारा हात जवळच्या पोरासाठी कोर्टाची पायरी चढला, तर त्या सहीला किंमत येईल.